ओवेलीच्या पुढची ओळ

पत्रिका फोनवर आली तेव्हा मी दुधावरची साय काढत होते. चमचा तसाच एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती मोठी करून बघितली. वर गुलाबी ढग, दोन्ही बाजूंना सोंडा उचललेले हत्ती, मधे पाळणा आणि पाळण्याखाली सोनेरी अक्षरांत नाव : ओवेली. त्याखाली बारीक अक्षरांत अर्थसुद्धा छापला होता, 'दिवा हातात घेऊन पुढे चालणारी'. आणि सगळ्यात खाली, 'कानात नाव सांगणार, आमची आत्या ज्ञानदा', म्हणजे मी. साय चमच्यावरून घसरून पुन्हा दुधात पडली. आज संध्याकाळी पाच वाजता, साताऱ्यात. मला भीती वाटली असं सरळच सांगते. पन्नास वर्षांची बाई, ज्युनिअर कॉलेजात मुलांना मराठी शिकवते, अंगात येणं आणि लिंबू-मिरची यांच्यावर वर्गात तोंडसुख घेते, आणि सकाळी साडेसात वाजता स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहते. विश्वजीत माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, आणि सई त्याची बायको. बाळाचं नाव ऐनवेळी सांगू, तोवर गुपित, असं दोघं महिनाभर म्हणत होते. मी फार विचारलंही नव्हतं. हल्लीची नावं असतात तसलं काहीतरी असेल म्हटलं. ते माझ्याच पुस्तकातून उचलतील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

'मीठवाट' नावाची माझी कादंबरी आहे, चार भागांची. खरा नसलेला एक मुलूख, त्यात मिठाचं एक तळं, त्या तळ्याकाठी राहणारी माणसं आणि त्यांची मी घरी बसून तयार केलेली भाषा. या मुलखात मूल जन्मलं की एक म्हातारी त्याला नाव देते, आणि नावाचा शब्दशः जो अर्थ असेल तसं त्या माणसाचं होतं. खरा अर्थ फक्त म्हातारीला ठाऊक. वाचकांसाठी मी प्रत्येक भागाच्या शेवटी सूची देते, 'नावं आणि त्यांचे अर्थ'. पोरं गोष्टीच्या आधी ती सूची वाचतात, आपापल्या नावांचे अर्थ कळवा म्हणून मला पत्रं लिहितात. ओवेली ही नायिका. पहिल्या तीन भागांच्या सूचीत तिच्या नावापुढे 'दिवा हातात घेऊन पुढे चालणारी' असं आहे. ते खोटं आहे. म्हातारीने सगळ्यांना सांगितलेला तो अर्थ. खरा अर्थ मी अकरा वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवला आहे, 'पाण्याला बोललेली'. देवाला नवस बोलतात तशी ही पाण्याला बोललेली. चौथ्या भागाच्या शेवटी ओवेली मिठाच्या तळ्याकडे चालत जाते आणि गोष्ट तिथेच थांबते, पुढे काय झालं ते मी लिहिलेलं नाही. पण पान उलटून सूची बघितली की तिच्या नावापुढची ओळ बदललेली दिसते. त्या एका ओळीतच कादंबरीचा शेवट आहे. ही युक्ती सुचली त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले होते की एकटीच जाऊन भेळ खाऊन आले. चौथा भाग आता छापखान्यात होता.

सईला फोन लावला. ती कुजबुजत बोलत होती, म्हणजे बाळ झोपलेलं होतं. "ताई, आवडली ना पत्रिका? तुम्ही रडणार असं हे म्हणत होते." मी म्हटलं, सई, नाव दुसरं काही ठेवलं तर? ती हसली. "आता कसं बदलणार? तिला कळतं हो तिचं नाव." बाळ दोन महिने आधी झालं होतं, जेमतेम दीड किलोचं. अठ्ठावीस दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. सई रोज पेटीशेजारी स्टुलावर बसायची, बाळाला आईचा आवाज ऐकू दे असं नर्स म्हणाली होती, आणि काय बोलायचं हे सुचेना म्हणून ती मीठवाटेचे तीनही भाग मोठ्याने वाचत गेली. पेटीवर 'सईचे बाळ' असं कार्ड होतं, नर्सने एके दिवशी ते खोडून ओवेली लिहिलं. एवढं सगळं ती मला आता सांगत होती, कौतुकाने. "आणि ताई, श्वास थांबतो ना तिचा मधेच, आता फार कमी झालंय, पण थांबला की मी हाक मारते. ओवेली, ओवेली. की घेते." मी ओट्यावरचं पाणी फडक्याने पुसत राहिले. ते दुसऱ्यांदा पुसत होते हे नंतर लक्षात आलं. बाळाला श्वासाचा विसर पडतो, डॉक्टर म्हणतात वाढीबरोबर जाईल, आणि विसर पडला की तिची आई तिला वाकून सांगते, पाण्याला बोललेली, पाण्याला बोललेली. आणि चौथा भाग आला की सईच सगळ्यात आधी सूची उघडणार. तिला मी नुसतं पाचच्या आत येते म्हटलं.

मग उदयसिंहांना फोन केला. ते माझे प्रकाशक, छापखानाही त्यांचाच, इथे सांगलीतच. "मॅडम, सोळा-सोळा पानांचे सगळे फॉर्म छापून झाले. शेवटचा तेवढा राहिलाय, त्यातच तुमची सूची. उद्या सकाळी तो मशीनवर चढणार." मी म्हटलं, एक ओळ कदाचित बदलेन. "कुठली? तेवढी ओवेलीची बदलू नका हं मॅडम. ती वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. संध्याकाळी सहापर्यंत कळवा, त्यानंतर माझ्या हातात नाही."

गाडी काढली. इस्लामपूरवरून हायवेला लागले असते तर लवकर पोचले असते, पण मी पलूसचा रस्ता धरला. पलूसच्या आपल्या जुन्या शेजारणीला, रंगूबाईला, बारशाला घेऊन ये, असं विश्वजीतने मला आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, आई आता नाही तर निदान ती असू दे म्हणून. मी बरं म्हटलं होतं आणि मनातून ते टाळायची काही सबब शोधत होते. रंगूबाईच्या दारात मी अडतीस वर्षांत गेले नव्हते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे जाताना वाटेत दोनदा गाडी कडेला घ्यावी लागली, हात घामाने स्टिअरिंगवरून सरकत होते. तात्या, माझे वडील, तेव्हा पलूसला शाळामास्तर होते. माझ्या पाठीवर आईला दोन मुलगे झाले, एक नऊ दिवस जगला, दुसरा तेवढंही नाही. तिसरा झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि मला ती सकाळ रंगांसकट आठवते. शेजारच्या रंगूबाईने बाळाला सुपात घातलं, सूप नेऊन उकिरड्यावर ठेवलं आणि ती मागे सरली. मग पुढे होऊन जणू पहिल्यांदाच बघतेय अशी मोठ्याने म्हणाली, कुनाचं गं हे टाकलेलं? आई दारातून म्हणाली, आम्हाला नको. रंगूबाईने मूठभर कोंडा आईच्या ओटीत टाकला आणि बाळ उचललं. आता ते तिचं. नाव तिनेच ठेवलं, धोंडू. धोंड्याला कोण नेतंय, असं ती म्हणाली. नंतर तिने ते आमच्याकडे सांभाळायला ठेवलं. तात्या ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते, त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण त्यांनी पान काही उलटलं नाही.

धोंडू सहा वर्षं ठणठणीत वाढला. गुडघे कायम फुटलेले, खिशात कायम चिंचोके. मला त्याचं सगळं आवडायचं, नाव सोडून. मी हायस्कुलात होते, शब्दकोश चाळायचा नाद लागला होता, प्रत्येक नावाचा अर्थ शोधून वहीत लिहायचे, आणि वर्गातल्या मुली मला 'धोंड्याची बहीण' म्हणायच्या. त्याला पहिलीत घालायची वेळ आली आणि तात्यांची साताऱ्याला बदली झाली, तेव्हा मी हट्टच धरला. नव्या गावात नवं नाव. शौनक. तात्या हसले आणि दाखल्यावर तेच लिहून आले. घरातही कोणी धोंडू म्हणायचं नाही असा मी नियम केला, आईची जीभ चुकली की मी जेवायची नाही. त्याला शौनक म्हणून हाक मारली की तो आधी इकडेतिकडे बघायचा, दुसरं कोणी आलंय का म्हणून. आठ महिने असे गेले. मग पावसाळ्यात त्याला ताप आला, दोन दिवसांत तो मेंदूत गेला असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. मी त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते, पट्टी ठेवल्या ठेवल्या गरम व्हायची. डॉक्टर म्हणाले, त्याला झोपू देऊ नका, नावाने हाका मारा. आम्ही मारत होतो. शौनक, शौनक. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती. तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं. विचारावं तसं बघितलं. बारा वर्षांच्या पोरीला, परवानगी मागितल्यासारखं. आणि मी मान खाली घालून पट्टी पिळत राहिले. का, ते मला आजही सांगता यायचं नाही, हट्ट होता, लाज होती, की तेवढ्याने काय होतंय असं वाटलं होतं. आई पुन्हा शौनकच म्हणाली. पहाटे संपलं. विश्वजीत त्यानंतर दोन वर्षांनी झाला, त्याला ना सूप ना कोंडा, आणि तो आज छत्तीस वर्षांचा आहे, त्याला साधं हाडसुद्धा कधी मोडलं नाही. हा हिशोब मी स्वतःला हजार वेळा मांडून दाखवला आहे. ताप तापच होता. पण माझ्या सगळ्या पुस्तकांतली सगळी माणसं नावाने मरतात, आणि वाचक म्हणतात काय कल्पना आहे हो तुमची.

रंगूबाई उन्हात खाटेवर बसली होती. पाठीची पार कमान झालेली, डोळे मात्र तसेच. मला बघून म्हणाली, "ज्ञानू न्हवं? आलीस व्हय. बस की." जणू मी परवाच येऊन गेले होते. मी बारशाचं सांगितलं, बाळ अशक्त आहे, मधेच श्वास थांबतो हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "माज्या पोराच्या टायमाला का न्हाई बोलावलंसा मला?" मला आधी कळलंच नाही कोणाचं पोर. "कोंडा दिऊन घेतल्यालं पोरगं हुतं माजं. नाव बदललंसा ते येका कंडक्टरनं सांगितलं मला. पोरगं गेलं ते बी त्येनंच सांगितलं. मास्तर शिकल्यालं मानूस, तुमी समदी शिकल्याली. पर कुनी इचारलं न्हाई." मी म्हटलं, रंगूमावशी, नावाचा अर्थ मला तेव्हा... "अर्थाचं काय घिऊन बसलीस? मला काय कळतोय अर्थ? माजं पोरगं मला न इचारता माघारी घेतलंसा, येवढंच हाय." थोडा वेळ ती पायाचा अंगठा मातीत फिरवत राहिली. "दवाखान्यात मला न्ह्यायचं हुतं. म्या हाक मारली असती. आला असता." तिच्या आवाजात राग नव्हता, मला राग परवडला असता. मी तिच्या पायाशी बसले आणि मोठ्याने रडले, सुनेने आतून डोकावून बघितलं तरी थांबता येईना. मग रंगूबाई उठली, आत गेली, लुगडं बदलून आली. पदराच्या टोकाला काहीतरी गाठ मारलेली होती. गाडीत बसताना म्हणाली, "सावकाश चालीव. मला गाडी लागती."

साताऱ्यात घर माणसांनी भरलं होतं. घुगऱ्यांचा वास, फुगे, तात्या खुर्चीत, नवा सदरा घालून. त्यांनी रंगूबाईला ओळखलं आणि खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, मग नुसतेच हात जोडले. रंगूबाई त्यांच्याकडे न बघता पाळण्याजवळ जाऊन खाली बसली. सई नव्या साडीत इतकी लहान दिसत होती. बाळाच्या पायाला बांधायचं ते यंत्र, श्वास थांबला की वाजणारं, तिने काढून ठेवलं होतं. "अर्ध्या तासाने काय होतंय ताई. पैंजण घातलेत ना." पाळण्यात बाळ होतं, आणि त्याच्याशेजारी, प्रथेप्रमाणे, कुंची घातलेला वरवंटा. धुऊन, काजळाचे डोळे काढून, गोप्या म्हणून निजवलेला. बायका आधी त्यालाच पाळण्याखालून वरून एकमेकींच्या हातात देत होत्या, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. तो माझ्या हातात आला. दगड गार असतो, हा कुंचीतल्या उबेने कोमट झालेला होता. मी तो पुढे द्यायला विसरले. कोणीतरी हसत माझ्या हातातून काढून घेतला.

मग मला वाकायला सांगितलं. मागे बायका माझ्या पाठीवर थापा मारायला सरसावल्या, आत्याला मारायचं असतं म्हणून. मी पाळण्यात तोंड घातलं. दुधाचा, तेलाचा, कोवळ्या घामाचा वास. कान एवढासा, कडेला लव अजून तशीच. "कुर्रर्र," मी म्हटलं, आणि पुढचं नाव जिभेवर आणलं, आणि त्याच वेळी मला कळलं की श्वास चालत नाहीये. दुसऱ्या कोणाला कळणं शक्यच नव्हतं, इतक्या जवळ मीच होते. छाती हलत नव्हती. ओठांच्या कडा बघता बघता निळसर झाल्या. पाठीवर थापा पडत होत्या, बायका हसत होत्या, "मोठ्यांदा सांगा की आत्याबाई!" सईला हाक मारावी तर या गलक्यात पोचणार नव्हती. ओवेली म्हटलं की घेते, सई म्हणाली होती. मला ते म्हणवेना. मी अकरा वर्षांपूर्वी वहीत लिहिलेली ओळ तिच्या कानात माझ्या तोंडाने जाणार होती. एक, दोन, तीन. आई माझ्याकडे बघत होती, पट्टी हातात गरम होत होती, आणि या वेळेला मी मान वर केली. "धोंडू," मी म्हटलं. "ए धोंडू. ऊठ. रंगूबाई आलीय." अडतीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज फुटका निघाला. पाठीवर एक थाप जोरात बसली, माझं कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटलं, पाळणा हिसकला, आणि बाळाने तोंड वेडंवाकडं करून एक लांब श्वास ओढला आणि टाहो फोडला. सगळ्या हसल्या. आत्याने रडवलं, आत्याने रडवलं. कशाने घेतला श्वास, हिसक्याने, हाकेने, की घेणारच होती म्हणून, देव जाणे. मी तिथेच फरशीवर बसले. "काय नाव, काय नाव?" सगळ्यांनी विचारलं. "ओवेली," मी मोठ्याने म्हटलं. टाळ्या पडल्या.

रंगूबाई माझ्याकडे बघत होती. ती पाळण्याला टेकूनच बसली होती, तिला ऐकू गेलं असणार. तिने बोटांनी चाचपडत पदराची गाठ सोडली, मूठ भरली आणि सईच्या ओटीत कोंडा टाकला. "ही आता माजी," ती म्हणाली. "तुज्याकडं सांबाळायला ठिवली." सईला काही समजलं नाही, गावाकडची रीत असेल असं वाटून ती छान हसली आणि वाकून रंगूबाईच्या पाया पडली. विश्वजीत फोटो काढत होता. खुर्चीत तात्यांनी चष्मा काढला होता आणि ते तो सदऱ्याच्या टोकाने पुसतच राहिले होते. रंगूबाई माझ्याकडे झुकली. "ह्या खेपंला इचारल्याबिगर माघारी घिऊ नगासा," ती म्हणाली.

सहाला पाच मिनिटं होती. मी मागच्या गॅलरीत जाऊन उदयसिंहांना फोन लावला. "बोला मॅडम, तुमचीच वाट बघतोय." मी म्हटलं, सूचीत ओवेलीच्या पुढे जे आहे ते काढा. ते चरफडले. "मग पहिलाच अर्थ ठेवायचा? दिवा हातात घेऊन? त्यात मजा नाही मॅडम, शेवटच जातोय." मी म्हटलं, तोही नको. "मग काय लिहू? मी टाईप करतोय, सांगा." आतून पैंजणांचा बारीक आवाज येत होता, म्हणजे पाय हलत होते.

"लिहा, रंगूबाईची."

"रंगूबाई कोण? चारही भागांत हे नाव कुठे नाही."

"नाही," मी म्हटलं. "राहून गेलं."

फोन ठेवून मी पाळण्याशी परत आले. बायका पंगतीला गेल्या होत्या. बाळ झोपलं होतं, शेजारी काजळाचे डोळे उघडे ठेवून वरवंटा. सईने यंत्र अजून बांधलेलं नव्हतं. मी ते बांधलं, तरीही बाळाच्या छातीवर हात ठेवून बसले आणि मोजायला लागले.